समर्थन आणि जामीन

सन २०२४ च्या वैशाखातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून भाविक आपापल्या घरी परतले होते. धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर मात्र आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आणि त्यांची कन्या थांबून राहिली होती. मुलगी बारामतीच्या महाविद्यालयात शिकते व स्पर्धा परीक्षांची तयारी करते. तिच्या वहीत इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी होती आणि त्यांतील एका शब्दाभोवती तिने पेन्सिलीने गोल काढला होता. ती म्हणाली, ''फादर, 'जस्टिफायेबल' या शब्दाला इथे 'वॉरंटेबल' असा प्रतिशब्द दिला आहे. हा शब्द मी कुठेच वाचलेला नाही. मराठीत याला काय म्हणायचे?''

सेमिनरीच्या दिवसांपासून आमच्या सोबतीला असलेला जाडजूड शब्दकोश आम्ही कपाटातून काढला. आम्ही पाने उलटत असताना तिचे वडील हसून म्हणाले, ''वॉरंट असतं पोलिसांचं आणि वॉरंटी असते मोटारीची. त्यात इचारायचं काय?'' आम्हांलाही हसू आले. शब्द आता फारसा वापरात नाही, अर्थ मात्र 'जस्टिफायेबल'चाच, असे पाहून आम्ही तिला 'समर्थनीय' असे लिहून घेण्यास सांगितले. तिने ते लिहून घेतले आणि ती गायनमंडळाच्या सरावासाठी चर्चमध्ये निघून गेली.

वडील मात्र उठले नाहीत. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सारी वस्तीच म्हणते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाले, ''फादर, मलाबी एक इचारायचंय. पापनिवेदन म्हणून नव्हं, असंच.'' 'असंच' विचारले होते म्हणूनच आज त्याविषयी लिहिता येते. पापनिवेदनातील शब्द आम्ही कधीच कागदावर आणला नसता. लिहिण्यापूर्वी त्यांची अनुमतीही आम्ही घेतली आहे.

ज्या वाचकांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सन २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके होते. या दोन तालुक्यांना जोडणारी जी जीवनरेषा आहे ती म्हणजे नीरा डावा कालवा. तो पुरंदरकडून येतो, बारामतीतून वाहतो आणि इंदापुरात संपतो. कालव्याच्या वरच्या अंगाला ज्यांची शेते, त्यांच्या बांधावरून पाणी आधी जाते. शेवटच्या टोकाला, ज्याला आमच्याकडे 'टेल' म्हणतात, तिथे ते शेवटी पोहोचते, पोहोचले तर. म्हणून टंचाईच्या दिवसांत आधी टेलला पाणी द्यायचे आणि मग एकेक चारी बंद करीत वर सरकत यायचे, असा रिवाज आहे. त्या उन्हाळ्यातील आवर्तनही तसेच ठरले होते. वरच्यांनी आपली पाळी येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नव्हता.

अण्णांनी हात लावला होता. ते म्हणाले, ''तीन रात्री सायफन टाकला, फादर. दीड एकर मका होता, वैरणीचा. नुसता करपत चालला हुता. चार म्हशी दावणीला. दुधावर घर चालतंय, पोरीची फी भागती. डोळ्यांदेखत पाणी वाहत होतं हो! आता तुम्हीच सांगा, पाप झालं का?''

वाचकहो, आमच्यासारख्या धर्मगुरूला असा प्रश्न आला की त्याची विद्या त्याच्या मदतीला धावून येते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे: गरजेपोटी चोरी करणे रास्त आहे काय? त्यांचे उत्तर असे की, ईश्वराने ही सृष्टी सर्व माणसांच्या पोषणासाठी निर्माण केली. मालकी हक्क ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि ती मूळ हेतूच्या आड येऊ शकत नाही. म्हणून जेव्हा गरज उघड आणि तातडीची असते आणि दुसरा उपाय उरलेला नसतो, तेव्हा दुसऱ्याच्या वस्तूतून आपली गरज भागवणे ही खऱ्या अर्थाने चोरीच नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली हाच विचार पुन्हा मांडला आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथातही तो आला आहे. हे सारे आम्ही अण्णांना सोप्या भाषेत सांगितले. शेवटी म्हणालो, ''अण्णा, तुमचे करणे समर्थनीय आहे. मनाला लावून घेऊ नका.'' नुकताच मुलीला सांगितलेला शब्द तोंडी तयारच होता.

अण्णांचा चेहरा उजळला. टोपी डोक्यावर ठेवून ते निघून गेले. एका गरीब माणसाच्या मनावरचे ओझे उतरवले, या समाधानात आम्ही जेवायला बसलो.

पंधरवड्यानंतर इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर घरमिस्सेसाठी जाण्याचा योग आला. वस्ती कालव्याच्या अगदी टेलला. मिस्सेनंतर त्या घरच्या आजींनी आम्हांला गोठ्याकडे नेले. पूर्वी तिथे दोन गायी असत. आता दोन मोकळे खुंटे होते. ''इंदापूरच्या बाजारात दिल्या,'' आजी म्हणाल्या, ''वैरण कुठली आणायची? पाणी आलं हुतं, फादर. न्हाई असं न्हाई. पण चारीच्या तोंडापतोरच आलं. वर कुणी कुणी घेतलं, देवाला ठावं.''

देवाला ठाऊक होते आणि आम्हांलाही. त्या रिकाम्या खुंट्यांसमोर उभे असताना आम्हांला ओसरीवरचे आमचे उत्तर आठवले आणि त्या उत्तराला किती मोठे भोक आहे हे दिसून आले. संत थॉमसच्या शिकवणीबरोबर नीतिशास्त्राचे अध्यापक एक सावधगिरीची सूचना नेहमी देत असत आणि सेमिनरीत ती आम्ही वहीत उतरवूनही घेतली होती: ज्याची वस्तू घ्यायची तोही जर तितक्याच गरजेत असेल, तर ती घेण्याचा अधिकार उरत नाही. भुकेल्याने भरल्या कोठारातून मूठभर धान्य घेणे वेगळे आणि दुसऱ्या भुकेल्याच्या ताटातील भाकरी उचलणे वेगळे. अण्णांनी पाणी कालव्यातून घेतले असे त्यांना वाटले, आम्हांलाही वाटले. कालव्याला तोंड नसते. पण त्या पाण्याला ठरलेला धनी होता आणि त्या धन्याच्याही दावणीला जनावरे होती. आम्ही अण्णांना त्यांच्या गरजेविषयी विचारले. पाणी कोणाचे होते हे विचारलेच नाही.

आता कोणी म्हणेल की, एका सायफनने कालवा आटत नाही आणि अण्णांनी घेतलेल्या पाण्यामुळेच आजींच्या गायी विकल्या गेल्या असे सिद्ध करता येणार नाही. ते खरे आहे. परंतु प्रत्येक सायफन हेच म्हणत असतो. शंभर जणांनी थोडे थोडे घेतले म्हणजे प्रत्येकाचा वाटा शंभरावा ठरतो आणि मोकळा खुंटा मात्र पुरताच मोकळा राहतो. हानीची वाटणी होते, हानी सोसण्याची होत नाही.

त्या रात्री परत आल्यावर आम्ही तो शब्दकोश पुन्हा काढला आणि मुलीने विचारलेला शब्द, जो आम्ही घाईने एका शब्दात निकालात काढला होता, नीट वाचला.

'जस्टिफाय' हे क्रियापद लॅटिनमधून आले आहे. 'युस्तुस' म्हणजे न्यायी आणि 'फाचेरे' म्हणजे करणे. तेव्हा 'जस्टिफायेबल' म्हणजे जे न्यायी करता येईल ते. या व्युत्पत्तीतच एक कबुली दडलेली आहे. जे उघडच न्याय्य आहे त्याला कोणी न्यायी करीत बसत नाही. आई बाळाला पाजते ते समर्थनीय आहे काय, असे कोणी विचारीत नाही. हा शब्द निघतो तो जिथे कोणाचे तरी काहीतरी गेलेले असते तिथेच. आपला मराठी शब्दही हेच सांगतो. समर्थन म्हणजे समर्थ करणे, दुबळ्या बाजूला टेकू देणे. जी भिंत स्वतःच्या पायावर उभी आहे तिला टेकू लागत नाही.

तीन शब्द आपण बोलताना सहज एकमेकांच्या जागी वापरतो: न्याय्य, समर्थनीय आणि क्षम्य. न्याय्य म्हणजे जे करणेच उचित होते. समर्थनीय म्हणजे ज्यात दुसऱ्याची काही हानी झाली, तरी ते करण्यामागे पुरेसे कारण होते. क्षम्य म्हणजे जे चुकीचेच होते, पण ज्याने केले त्याची अवस्था पाहता त्याला दोष देववत नाही. न्याय्य काय ते कृत्याकडे पाहून ठरते. समर्थन कर्त्याने मांडायचे असते. क्षमा मात्र ज्याची हानी झाली त्याच्याच हातात असते. आम्ही त्या रविवारी अण्णांना समर्थन देऊन टाकले. त्यांना कदाचित हवी होती क्षमा, आणि ती देण्याचा अधिकार आमचा नव्हता. ती इंदापूरच्या टेलला एका मोकळ्या गोठ्यात होती.

आता तो दुर्मीळ शब्द. 'वॉरंट' हा शब्द इंग्रजीत आला तो नॉर्मन फ्रेंचांकडून आणि त्याचा मूळ अर्थ होता रक्षणकर्ता, पाठीशी उभा राहणारा. तोच शब्द मध्य फ्रान्सच्या उच्चारात 'व'चा 'ग' होऊन 'गारां' झाला आणि पुढे त्यातून 'गॅरंटी' निघाला. म्हणजे मोटारीच्या दुकानात दुकानदार ज्या दोन शब्दांमधला फरक आपल्याला समजावून सांगतो ती गॅरंटी आणि वॉरंटी या मुळात सख्ख्या बहिणी आहेत. अण्णांनी विनोद केला खरा, पण शब्दाच्या मुळाशी तेच पोहोचले होते, आम्ही नाही. पोलिसांच्या वॉरंटवर न्यायाधीशाची सही असते, म्हणजे अटकेची जबाबदारी कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेली असते. मोटार जळाली तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर म्हणजे वॉरंटी. तेव्हा 'वॉरंटेबल' कृत्य म्हणजे केवळ ज्याच्या बाजूने युक्तिवाद करता येतो ते नव्हे; ज्याची हमी घेऊन, ज्याचा जामीन म्हणून उभे राहता येते ते. युक्तिवाद वकीलही करतो आणि निकालानंतर घरी जातो. जामीन मात्र बांधला गेलेला असतो.

याच शब्दाचा आणखी एक उपयोग शब्दकोशात सापडला आणि तो वाचून आम्ही थबकलो. इंग्लंडमधील हरणांच्या शिकारी लोकांच्या भाषेत 'वॉरंटेबल' म्हणजे पाच वर्षांचे झालेले, शिंगे पुरेशी वाढलेले, म्हणून मारण्याजोगे हरीण. नियम शिकाऱ्यांनीच केलेला. तो नियम काहीच नसण्यापेक्षा बरा, कारण त्यामुळे पाडसे वाचतात. पण हरणाला कोणी विचारलेले नाही. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत. एका टोकाला कृत्याचा जामीन राहणारा कर्ता. दुसऱ्या टोकाला आपल्या सोयीने नियम करून 'हे आता मारण्याजोगे झाले' असे ठरवणारा कर्ता. आपण जेव्हा 'त्यात काय, समर्थनीय आहे' असे म्हणतो, तेव्हा आपण कोणत्या टोकाला उभे असतो, हे तपासून पाहणे बरे.

इंग्लंडच्या न्यायालयात हा प्रश्न फार भयंकर रूपात उभा राहिला होता. सन १८८४ मध्ये 'मिन्योनेट' नावाची एक छोटी शिडाची नौका साउथहॅम्प्टनहून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. चार खलाशी एका लहानशा होडीत उरले. अन्न नाही, पिण्याला पाणी नाही. विसाव्या दिवसाच्या सुमारास कप्तान डडली आणि त्याचा सोबती स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्कर या पोराला ठार मारले आणि त्याच्या देहावर तिघांनी प्राण राखले. चार दिवसांनी एका जहाजाने त्यांना वाचवले. मायदेशी आल्यावर घडले ते त्यांनी लपवले नाही. आपण केले ते गरजेपोटी, म्हणून समर्थनीय, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. लोकांची सहानुभूतीही त्यांच्याच बाजूने होती. परंतु लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायासनाने ते समर्थन नाकारले. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, अशा गरजेचा निवाडा करायचा कोणी? ज्याला दुसऱ्याच्या मृत्यूने लाभ होणार त्यानेच? आणि एका जिवाची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी हे कोणत्या मापाने मोजायचे? सर्वांत दुबळा आणि विरोध न करू शकणारा तोच निवडला गेला, हेही न्यायाधीशांच्या नजरेतून सुटले नाही. दोघांना देहदंडाची शिक्षा सांगण्यात आली आणि मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणण्यात आली. म्हणजे समर्थन नाकारले, पण क्षमेला जागा ठेवली. न्याय्य, समर्थनीय आणि क्षम्य यांमधला भेद याहून स्पष्ट कुठे दिसावा?

आपल्याकडील कायद्यानेही गरजेचे समर्थन मान्य केले आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ८१ वे कलम ते देत असे आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील १९ वे कलम ते देते. गावात मोठी आग पसरत असताना माणसे वाचवण्यासाठी एखादे घर पाडले, तर तो गुन्हा ठरू नये, अशा अर्थाचे उदाहरण कायद्यातच आहे. पण तिथेही अट आहे: हेतू शुद्ध हवा आणि टाळायची हानी खरोखरच तशी मोठी व डोक्यावर आलेली हवी. आपले घर वाचवण्यासाठी शेजाऱ्याचे पाडण्याची ही मुभा नव्हे.

अण्णांना मात्र एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. ज्या कालव्यावर त्यांनी सायफन टाकला त्या कालव्याचीच कथा या प्रश्नाने भरलेली आहे. सन १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या भागाची जी दैना झाली, त्यानंतर दुष्काळापासून संरक्षण म्हणून हा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. हेतू असा की, पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी आणि माणसे जगावीत. थोडे थोडे पाणी पुष्कळांना मिळावे. पुढे सासवडकडील माळी बंधू उसाची विद्या घेऊन आले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांसारख्या अभियंत्याने ब्लॉक पद्धत घालून पाण्याची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले आणि थोड्या पाण्यावर पुष्कळांना जगवणारा कालवा पुष्कळ पाण्यावर वाढणाऱ्या पिकाचा कालवा होऊन गेला.

ते समर्थनीय होते काय? आम्ही घाईने 'नाही' म्हणणार नाही. उसाने शाळा आल्या, महाविद्यालये आली, रस्ते आले. आमच्याच धर्मग्रामातील कित्येक घरांची चूल कारखान्याच्या पगारावर पेटली. ज्या मुलीने आम्हांला शब्द विचारला तिचे महाविद्यालयही त्याच समृद्धीतून उभे राहिले. ही कारणे खरी आहेत. परंतु ती सांगायची कोणाला? बारामतीच्याच तालुक्यात कालव्याच्या पाण्यापासून दूर असलेली जिरायत गावे आहेत, जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते. गळीत हंगामात मराठवाड्याकडून कोयता घेऊन येणारी कुटुंबे आहेत. त्यांची लेकरे पाचटाच्या कोपीत वाढतात आणि त्यांची शाळा अर्ध्यावर राहते. आपले समर्थन आपण आपल्यासारख्यांच्या सभेत मांडतो आणि टाळ्या मिळवतो. तेच समर्थन टँकरच्या रांगेसमोर किंवा कोपीच्या दारात उभे राहून, त्याच शब्दांत आणि आवाज न बदलता सांगता येईल काय? सांगता आले तर ते समर्थन खरे. सांगताना जीभ अडखळली, तर जिथे अडखळली तिथूनच आपले देणे सुरू होते.

आमच्या मते या कूट प्रश्नाची कसोटी ती हीच. कृत्य समर्थनीय आहे की नाही हे केवळ कारणांच्या वजनावरून ठरत नाही. ती कारणे ज्याचे नुकसान झाले त्याच्या तोंडावर सांगण्याची, आणि त्याने 'मग माझे काय?' असे विचारले तर तिथेच उभे राहण्याची आपली तयारी आहे काय, यावरून ते ठरते. जे कृत्य त्याच्यापासून लपवावे लागते, त्याचे समर्थन आपण दुसऱ्या कोणाजवळ कितीही सुंदर करू शकलो, तरी ते शिकाऱ्याचे समर्थन होय.

पवित्र शास्त्राला मानवी मनाची ही खोड फार जुनी ठाऊक आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला 'माझा शेजारी कोण?' असे विचारतो, आणि त्याने ते स्वतःला नीतिमान ठरवण्यासाठी विचारले, असे संत लूक मुद्दाम सांगतो. त्यावर येशू व्याख्या देत नाही; रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाची गोष्ट सांगतो. जणू म्हणतो, तुझे समर्थन मला सांगू नकोस, या पडलेल्याच्या बाजूने पाहा. त्याच शुभवर्तमानात मंदिरात गेलेल्या दोघांची गोष्ट आहे. परुश्याजवळ समर्थनांची यादी होती. जकातदाराजवळ काहीच नव्हते. पण नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

आणि 'वॉरंटेबल'चा जो मूळ अर्थ, जामीन राहणे, तोही आपल्याला उत्पत्तीच्या पुस्तकात भेटतो. दुष्काळ पडलेला असतो, धान्यासाठी मिसरला जाणे भाग असते आणि धाकट्या बन्यामिनाला बरोबर नेल्याशिवाय धान्य मिळणार नसते. म्हातारा याकोब पोराला सोडायला तयार नाही. त्या वेळी यहूदा बापाला म्हणतो की, मी त्याचा जामीन. त्याला परत आणले नाही तर दोष माझा. पोराला नेणे समर्थनीय होतेच, घरातली तोंडे उपाशी होती. पण याकोबाने पोराला सोडले ते यहूदाने त्या समर्थनाखाली स्वतःचे नाव लिहिल्यावर. पुढे खरोखरच बन्यामिन अडकला, तेव्हा त्याच्याऐवजी दास म्हणून राहायला यहूदा पुढे झाला. दुष्काळातली ही कथा दुष्काळी तालुक्यात वाचताना वेगळीच वाटते.

आम्ही ओसरीवर बसून अण्णांना वॉरंटी लिहून दिली होती, पण जामीन राहिलो नव्हतो. ती चूक अण्णांपेक्षा आमची मोठी. पुढच्या रविवारी आम्ही त्यांना थांबवून घेतले आणि त्या मोकळ्या खुंट्यांविषयी सांगितले. ते पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''जायला पायजे. पर तुम्ही चला संगं.''

आम्ही गेलो. अण्णांनी जाताना टेम्पोत मक्याच्या पेंढ्या घातल्या होत्या. आजींच्या दारात उभे राहून त्यांनी जे केले ते एका दमात सांगून टाकले. आजी ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारले, ''म्हशी जगल्या का तुमच्या?'' अण्णा म्हणाले, ''जगल्या.'' ''बरं झालं,'' आजी म्हणाल्या. सुनेला हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत कोणी काही बोलले नाही. निघताना मात्र त्या म्हणाल्या, ''मीबी घेतलं असतं, बाबा. न्हाई कशाला म्हणू? पर निदान एक फोन करायचा. पाण्याची वाट बघत आम्ही आठ दिस बसलो. तवाच कळलं असतं तर गायी आधी तरी इकल्या असत्या, दोन पैसं जास्त आलं असतं.''

त्यांनी क्षमा केली की नाही हे आम्हांला सांगता येणार नाही. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही आणि आम्हीही विचारला नाही. पेंढ्या त्यांनी ठेवून घेतल्या, शेजारच्या शेळ्यांसाठी. मोकळे खुंटे मोकळेच होते. परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, ''फादर, तुम्ही त्या दिवशी सांगितलं तवा हलकं वाटलं हुतं. आज जड वाटतंय. पर आजचं बरं वाटतंय.''

त्यानंतर आवर्तन सुटले की अण्णा टेलला फोन करतात: पाणी इथून पुढे सरकले, अमुक वेळेला तुमच्याकडे यायला हवे, नाही आले तर कळवा. वस्तीवरील आणखी दोघा-तिघांनी तसे करायला सुरुवात केली आहे. सर्वांनी नव्हे. त्यामुळे कालव्याचे पाणी वाढलेले नाही. पण कालव्याला आता थोडे तोंड आले आहे, आणि रात्री सायफन टाकायला जाणाऱ्याला ते तोंड आठवते, असे अण्णाच आम्हांला सांगतात.

वाचकहो, आपल्या घरांतही सायफन असतात. वाटणीच्या वेळी बहिणीचे नाव कमी होते आणि 'लग्नात खर्च केला होता' असे समर्थन आपण आपसांत करतो. म्हाताऱ्या आईबापांना एका लेकाकडून दुसऱ्याकडे पाठवले जाते आणि नोकरीचे कारण पुढे केले जाते. कारण खोटे असते असे नाही. प्रश्न एवढाच की, ते बहिणीला तिच्या तोंडावर, आईला तिच्या अंथरुणाजवळ बसून सांगता येते काय, आणि सांगून झाल्यावर तिथे आणखी घटकाभर बसवते काय.

थोड्या दिवसांनी ती मुलगी पुन्हा ओसरीवर आली, तेव्हा आम्ही तिला म्हटले, ''त्या शब्दाचा अर्थ आम्ही तुला अपुरा सांगितला. 'वॉरंटेबल' म्हणजे ज्याचा जामीन राहता येईल असे. ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर उभे राहून, 'हे मी केले, आणि याचे जे होईल ते माझ्याकडे', असे म्हणता येईल असे.'' तिने ते वहीत लिहून घेतले आणि म्हणाली, ''पण फादर, परीक्षेत एवढी जागा नसते.''

परीक्षेत 'समर्थनीय' असेच लिही, असे आम्ही तिला सांगितले.